ताप नाही

जानेवारी ८, सोमवार

तळघरातला बॉयलर बसला. सकाळी उठून खिडकीखालच्या नळ्यांना हात लावला तर दगडासारख्या गार. आमची ही चार मजली इमारत ऊबदार राहते ती त्या एका बॉयलरच्या जिवावर. बाहेर पडलेलं बर्फ गोठून रस्ता काचेसारखा झालाय. मिस्त्री आला, टॉर्च मारून आत बघितलं आणि म्हणाला, "पंप गेलाय. नवा मागवावा लागेल. उद्या होऊन जाईल."

मी म्हटलं, "आमच्या बेकरीत पाटी होती, आज रोख उद्या उधार. त्यातला उद्या का हा?" तो हसला नाही. हल्लीच्या पोरांना पाट्या माहीत नसतात.

मला स्वतःला थंडीचं विशेष नाही. जन्म भट्टीसमोर गेला, अंगात साठवलेली धग अजून पुरतेय असं मी म्हणतो. हिचं उलट. ही कायम काउंटरवर, म्हणजे दाराशी. गिऱ्हाईक आत आलं की वारा आधी हिला भेटायचा. तिथपासून हिची न् थंडीची जुनी ओळख. त्यात खुबा मोडल्यापासून वॉकर धरून संडासापर्यंत जाते-येते, बाकी दिवस खुर्चीत. दोन स्वेटर घालून, शाल घेऊन बसली आहे आणि मला सांगतेय की मी चहात साखर कमी घातली.

जानेवारी ९, मंगळवार

सोसायटीच्या अध्यक्षांनी जिन्यात कागद लावलाय: पंप यायला आठवडा लागेल, ज्यांना नातेवाइकांकडे जाता येईल त्यांनी जावं. सगळ्यांना उपदेश करून हा गृहस्थ स्वतः काल संध्याकाळीच बॅग घेऊन मेव्हण्याकडे गेला.

आम्ही माळ्यावरचा विजेचा हीटर काढला. तासभर छान चालला, मग जळका वास यायला लागला. बघतो तर प्लग वितळून भिंतीला चिकटलेला. ही म्हणाली, "बंद करा तो. थंडीने नाही मेले तर आगीने मरेन." काढून टाकला.

मग मी फोन हातात घेतला. बेबीला कळवावं म्हटलं. बेबी म्हणजे आमची एकुलती एक लेक. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत, पण नाव बेबीच राहिलं. गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहते.

"अहो, ठेवा तो फोन," ही म्हणाली.

"का?"

"तिला कळलं की ती येईल. आली की आपल्याला उचलून नेईल. मग पुन्हा मागच्या वर्षीसारखं."

मागच्या वर्षी हिच्या ऑपरेशननंतर आम्ही चार महिने बेबीकडे होतो. हिचं सगळं करता करता बेबीने हातची नोकरी सोडली. आम्हाला कळलं तेव्हा राजीनामा देऊन झाला होता. आता कुठे तिला एका प्रयोगशाळेत पुन्हा काम मिळालंय, महिनाही झालेला नाही.

"सहा-आठ दिवसांचा तर प्रश्न आहे," ही म्हणाली. "कळ सोसून काढू. तिला सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

मी म्हटलं, "तुझ्या शपथा पुरल्या. खुर्ची विकत घेतानाही शपथ घातली होतीस." पण फोन ठेवला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे बेबीचाच आला. ही म्हणाली, "आम्ही अगदी मजेत." किती सहज म्हणाली. काउंटरवर शिळा पाव ताजा म्हणून खपवताना हाच आवाज असायचा.

जानेवारी ११, गुरुवार

घरात बोलताना तोंडातून वाफ निघते. टूथपेस्ट ट्यूबमधून बाहेर यायला तयार नाही.

हिची थंडी काही जात नाही. दात असे वाजतात की पलीकडच्या खोलीत कोणी टायपिंग करतंय असं वाटावं. मी तसं म्हटल्यावर म्हणाली, "मग लिहून घ्या. नवऱ्याने नवीन हीटर आणला नाही, पूर्णविराम." आज दोन दुकानं फिरून आलो. सगळीकडे हीटर संपलेत. तिसऱ्या दुकानाच्या वाटेवर पाय घसरून बसकण मारली, तेव्हा परतलो. हिला सांगितलं नाही, उगाच काळजी करेल.

इमारत ओस पडली आहे. आमच्या मजल्यावर आम्हीच. वर चौथ्या मजल्यावर शहर बस चालवणारी बाई आहे, तिला आम्ही बसवाली म्हणतो, तोंडावरसुद्धा. संध्याकाळी ड्यूटीवरून येता येता ती तिची एक जाड रजई देऊन गेली. "काका, तुम्ही मुलीकडे का जात नाही? काकूंना सोसणार नाही हे."

"जाणार आहोत, उद्या-परवा," मी म्हटलं.

आता मीही त्या मिस्त्रीच्या पंगतीला जाऊन बसलो.

जानेवारी १३, शनिवार

आजचा दिवस बरा. हिची थरथर थांबली. सकाळपासून दात एकदाही वाजले नाहीत. मी म्हणतच होतो, शरीराला काय, कशाचीही सवय होते.

स्वभावही एकदम निवळला आहे. सूप देताना माझ्या हातून थोडं तिच्या शालीवर सांडलं, एरवी केवढा दंगा झाला असता. आज बघत राहिली नुसती. मीच म्हटलं, "अगं, बोल की काहीतरी." तर "असू दे" म्हणाली. तेही घास तोंडात धरून बोलल्यासारखं. झोपेची गोळी घेते ना, ती सकाळपर्यंत अंगात राहत असणार. सूप दोन-तीन चमचेच गेलं. चष्मा घालायला गेली तर काडी कानावर बसेना, दोनदा डोळ्यात गेली. मी घालून दिला.

बेबीच्या फोनच्या वेळी डुलक्या काढत होती. मी सांगितलं, आई झोपलीय, बाकी मजेत.

"या वेळेला?"

"म्हातारी माणसं. घड्याळ उलटंपालटं होतं."

जानेवारी १४, रविवार

आज जरा काळजीत होतो. ही सारखी झोपते. उठवलं की डोळे उघडते, पुन्हा मिटते. म्हटलं, न्यूमोनिया वगैरे व्हायला नको. थर्मामीटर शोधून काढला, बेबी शाळेत असतानाचा, पाऱ्याचा. जिभेखाली धरून बसलो. पारा खालच्या रेघेवरून हललासुद्धा नाही. पुन्हा झटकून लावला, तरी तसाच. ताप नाही. देव पावला. मनावरचं ओझं उतरलं.

चेहराही चांगला दिसतोय, गाल भरल्यासारखे, जरा गुलाबी. दुपारी मला म्हणाली, "पाव काढलेत का?"

"कुठले पाव?"

"मागच्या खेपेचे. जळतील."

बेकरी विकून किती वर्षं झाली. स्वप्नात असेल. मी म्हटलं, "काढले. छान फुललेत." तेव्हा समाधान झालं तिचं.

पाय गार होते म्हणून चांगले खसाखसा चोळले. चमचाभर ब्रँडीही पाजली, अर्धी बाहेर आली. थोड्या वेळाने बघतो तर स्वेटरची बटणं काढायची खटपट चाललेली. "गरम होतंय," म्हणाली. म्हणजे उपाय लागू पडला. वरचा स्वेटर काढून दिला.

माझीच बटणं आज लागत नव्हती. बोटं लाकडाची झाल्यासारखी. जेवलो का ते आठवत नाही. भांडी धुतलेली दिसत नाहीत आणि खरकटीही नाहीत.

जानेवारी १५, सोमवार

अक्षर नीट येत नाही.

ही झोपली आहे. मी तिच्याजवळ खुर्ची घेतली. काही करायचं होतं. काय ते.

फोन वाजत होता पुष्कळ वेळ. बेबी. म्हणाली बाबा प्यायलात का. मी म्हटलं नाही गं. म्हणाली पुन्हा बोला. बोललो. रडायला लागली. का ते.

दार वाजतंय.

जानेवारी १७, बुधवार

हॉस्पिटलात आहे. मला आज उठून बसायची परवानगी मिळाली. ही याच मजल्यावर, मशीनच्या खोलीत. अजून शुद्धीवर नाही.

परवा दारात बसवाली होती. बेबीने कामावरून नुसता आमचा आवाज ऐकायला फोन केला होता. माझं बोबडं बोलणं ऐकून तिने आधी बसवालीला कळवलं, मग गाडीत बसली. बसवालीची त्या दिवशी सुट्टी होती म्हणून बरं.

मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बसवालीने हिच्या कपाळाला हात लावला, मग कपड्यांच्या आत पोटावर. हात झटकन मागे घेतला तिने. मग फोन कानाशी धरून कोणाशी तरी बोलायला लागली, रुग्णवाहिकेच्या लोकांशी. मी हिचे पाय चोळायला घेतले.

"काका, चोळू नका."

"अगं, गार आहेत."

"ते सांगतायत, चोळायचं नाही. हातापायातलं गार रक्त एकदम हृदयाकडे जातं. हलवायचंही नाही जास्त." मग मी हिला उठवून खुर्चीत बसवावं म्हटलं, त्यालाही तिने नको म्हटलं. मी ब्रँडीची बाटली उचलली, ती तिने माझ्या हातातून काढून घेतली. सगळी पांघरुणं आणून हिच्या छातीपोटावर घातली, डोकं झाकलं, आणि स्वतः कोट काढून तिच्याशेजारी अंगाला अंग लावून पडली. मला म्हणाली, "तुम्हीही या पलीकडून." आम्ही दोघं दोन बाजूंनी आणि ही मध्ये. रुग्णवाहिकेची माणसं आली तेव्हा आम्ही तसे होतो. त्यांनी तिला काचेचं भांडं उचलावं तसं उचललं.

डॉक्टरीणबाई आज सकाळी माझ्या पलंगावर येऊन बसल्या. बेबीहून लहान असतील. मी त्यांना सांगितलं, "मी थर्मामीटर लावला होता. ताप नव्हता."

"पारा कुठे होता?"

"हललाच नाही."

त्यांनी हातातला कागद पलंगावर ठेवला. मग म्हणाल्या, "बाबा, घरातला थर्मामीटर पस्तीसच्या खाली दाखवतच नाही. तापासाठी केलेला असतो तो. आजींना आणलं तेव्हा अंग अठ्ठावीस अंश होतं, असायला हवं सदतीस."

थरथर थांबली ती सवय झाली म्हणून नव्हे. थरथरायलाही ताकद लागते, ती संपली होती. जड जीभ, झोप, न बसणारी चष्म्याची काडी, स्वेटर काढणं, सगळं त्यातलंच. झोपेच्या गोळीने आणि ब्रँडीने भर घातली. "तुमचंही डोकं गारठलं होतं, तुम्हाला कळणार कसं," असं त्या म्हणाल्या. दयाळू बाई आहेत. पण शनिवारी माझं डोकं ठिकाणावर होतं. शनिवारी मी खूश होतो.

भट्टीच्या तोंडाशी हाताची मागची बाजू धरून मी सांगायचो, अजून दोन लाकडं लागतील. कधी चुकलो नाही. आणि माझ्या बायकोच्या पोटाला हात लावून बघायचं मला सुचलं नाही.

बेबी आली आहे. माझ्याशी फार बोलत नाही. काच आहे तिथे उभी असते.

जानेवारी १८, गुरुवार

ही शुद्धीवर आली. दुपारी बेबी धावत माझ्या खोलीत आली आणि मला चाकाच्या खुर्चीतून ढकलत घेऊन गेली, परिचारिका ओरडत होती तरी.

आतून बाहेरून गरम करतायत तिला. नळीतून गरम केलेलं सलाइन जातं, आणि अंगावर एक कागदी रजई आहे, तिच्यात गरम हवा सोडतात. भराभर नाही करायचं म्हणे, हळूहळू. हृदय बिथरतं.

माझ्याकडे बघून म्हणाली, "दाढी केली नाहीत."

"इथे वस्तरा देत नाहीत."

"कसे दिसताय." आवाज अगदी बारीक, पण तिचा होता. मी तिचा हात धरला. म्हणाली, "तुमचे हात गरम आहेत." मग नजर फिरवली तर पलीकडे बेबी. तिच्याकडे बघत राहिली. तोंडावर आधी हसू आलं आणि मग ते गेलं.

"तू कामावर नाही गेलीस?"

"आई, कामाचं काय घेऊन बसलीस."

"जा ना. अशाने नोकरी जाईल." आणि माझ्याकडे बघितलं. शपथ मोडलीत ना, असं ते बघणं होतं. मी मान हलवली, नाही म्हणून. कळलं की नाही देव जाणे. डोळे मिटले तिने.

बाहेर आल्यावर बेबी म्हणाली, "आई अजून गोंधळलेली आहे." मी हो म्हटलं.

जानेवारी १९, शुक्रवार

छातीत पाणी झालंय. हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात. डॉक्टरीणबाई आज बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलल्या. बसल्या नाहीत तेव्हाच समजलो.

जानेवारी २०, शनिवार

आज सकाळी ही गेली. खिडकीतून ऊन आलं होतं. बेबी एका बाजूला होती, मी एका बाजूला. ठोका चुकला, त्यांनी पुष्कळ केलं, परत आला नाही.

अंग गरम होतं. शेवटपर्यंत गरम होतं.

जानेवारी २५, गुरुवार

तिला निरोप देऊन झाला. बसवाली आली होती, गणवेशातच, बस डेपोत लावून. बेबीला मिठी मारून खूप रडली. मला म्हणाली, "मी आधी यायला हवं होतं, काका. गुरुवारी रजई दिली आणि दोन जिने उतरून पुन्हा बघायला आले नाही." मी म्हटलं, तसं मनात आणू नकोस. मी त्याच खोलीत होतो.

इमारतीतला बॉयलर मंगळवारी सुरू झाला, अध्यक्षांनी फोन करून सांगितलं. आवाजात आनंद होता, मग त्यांना आठवलं असावं.

आता मी बेबीकडे आहे. हिच्या खोलीत, मागच्या वर्षी जिथे हिची कॉट होती तिथे माझी. घर गरम आहे, इतकं की मला घाम येतो. खिडकी उघडत नाही.

जानेवारी २९, सोमवार

बेबीने आजही रजा काढली. दुपारी मटार सोलत बसली होती, मी समोर बसून मदत करत होतो. बोटं अजून नीट चालत नाहीत, दाणे खाली पडत होते. ती उचलत होती. इतक्या दिवसांत आम्ही दोघं असे समोरासमोर बसलो नव्हतो.

ती मान वर न करता म्हणाली, "रोज फोन करत होते मी."

"हो."

"रोज 'मजेत' म्हणालात. मी सहा तासांवर होते, बाबा. गाडी दारात उभी होती."

मी पुढची शेंग उचलली.

"मी हाच विचार करतेय सारखा. मागच्या वर्षी मी चिडचिड करायचे कधी कधी. थकलेली असायचे. आईने ते मनात धरलं असेल का? तिला माझ्याकडे यायचं नव्हतं का? म्हणून नाही सांगितलं तिने?" आणि तिने सोललेल्या शेंगांत हात तसेच ठेवले. लहानपणी पडल्यावर आधी आमच्या तोंडाकडे बघायची, लागलं आहे की नाही ते आमच्यावरून ठरवायची. तशी बघत होती.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुझ्या नोकरीसाठी, असं म्हटलं असतं, तर उद्या सकाळी तिने ती नोकरी सोडली असती आणि जन्मभर सोडतच राहिली असती.

मी म्हटलं, "ती तुला सांगणारच होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, बेबीला बोलवा, आपण तिच्याकडे जाऊ. मीच नको म्हटलं."

"तुम्ही?"

"मीच. म्हटलं, मला थंडीचं काही वाटत नाही. स्वतःच्या घरातून हलायचं नव्हतं मला. तिला शपथ घातली."

बेबी माझ्याकडे बघत राहिली. चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. उठून सिंकपाशी गेली, नळ सोडून पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते. मी बसून राहिलो. मटार सगळे सोलून झाले.

पुष्कळ वेळाने, पाठ न वळवता, तिने विचारलं, "यायचं म्हणाली होती ना? माझ्याकडे?"

"हो," मी म्हटलं. "बॅग काढा म्हणाली होती."

तिने नळ बंद केला. माझ्याशी ती आज बोलली नाही, संध्याकाळीही नाही. जेवणाचं ताट मात्र आणून ठेवलं, आणि आत जाऊन ऑफिसला फोन करताना मी ऐकलं, उद्यापासून येते म्हणाली.